टीएसएच ६.८ आणि बाळाचं हृदय

प्रश्न : माझं वय ३१. सहा वर्षं थायरॉइडची गोळी चालू आहे, ७५ मायक्रोग्रॅमची. पाळी लांबली तेव्हा नेहमीसारखीच लांबली असेल असं समजून पाळी येण्याच्या गोळ्या पाच दिवस घेतल्या. पाळी आली नाही, म्हणून चाचणी केली तर गरोदर. त्याच दिवशी रक्त तपासलं, टीएसएच ६.८ आलं. शुगर नॉर्मल आहे. आज शेवटच्या पाळीपासून सात आठवडे पूर्ण झाले. परवाच्या सोनोग्राफीत ठोके दिसले, पण आनंद व्हायच्या आतच नात्यातल्या एकींनी सांगितलं की आईला थायरॉइड असलं की बाळाच्या हृदयाला भोक पडतं. माझ्या मावसभावाच्या हृदयाला जन्मतः भोक होतं, त्यामुळे ते डोक्यातून जातच नाही. झोप उडाली आहे. आता या टेन्शनचाही बाळाच्या हृदयावर परिणाम होईल अशी भीती वाटते. मोठ्या बहिणीला मागच्या वर्षी ३१व्या आठवड्यात स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली होती. भाचा ठणठणीत आहे, पण माझं ऐकून तीही घाबरली आहे. बाळाचं हृदय तयार होताना हार्मोन्स नेमकं काय करतात, आणि मी आता काय करू?

उत्तर : तुम्ही ज्या गोष्टीला घाबरला आहात तिच्याबद्दल आधी सांगते. टीएसएचच्या त्या एका आकड्यामुळे बाळाच्या हृदयाला भोक पडेल असं मानायला आधार नाही. तरीही टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, शरीरात थायरॉइड हार्मोन कमी पडलं की ते वाढतं, म्हणून गोळीचा डोस वाढवायला हवा आणि तो आजच वाढवायला हवा. त्याचं मुख्य कारण हृदय नसून गर्भपाताचा आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाचा धोका आणि बाळाच्या मेंदूची वाढ हे आहे. मी डॉक्टर असले तरी तुमची डॉक्टर नाही, तेव्हा हे वाचून झालं की पहिला फोन त्यांना करा.

आता तारखांचा घोळ मिटवू, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. तुमचे सात आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेले आहेत. गर्भ राहतो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी, म्हणजे गर्भाचं खरं वय आत्ता पाच आठवडे आहे आणि लांबी जेमतेम एक सेंटीमीटर. गर्भ तिसऱ्या आठवड्यात असतो तेव्हा हृदय होणार असलेल्या पेशी चंद्रकोरीच्या आकारात गोळा होतात. त्या कोरीच्या दोन बाजू मध्ये येऊन जुळतात आणि एक सरळ नळी तयार होते. बाविसाव्या दिवसाच्या आसपास ही नळी धडधडू लागते. अजून कप्पे नाहीत, झडपा नाहीत, तरी ठोके सुरू. तेविसाव्या दिवसापासून ती उजवीकडे वळत मुडपते, आणि या मुडपण्यामुळे पुढे कोणता कप्पा कुठे येणार ते ठरतं. पाचव्या ते आठव्या आठवड्यात मधले पडदे वाढून कप्पे वेगळे होतात आणि हृदयातून निघणाऱ्या एकाच मोठ्या वाहिनीच्या दोन होतात, एक फुप्फुसाकडे जाणारी आणि एक शरीराकडे. घरात माणसं राहत असतानाच भिंती बांधाव्यात तसं हे काम चालतं. रक्ताभिसरण एक मिनिटही थांबवता येत नाही.

म्हणजे तुमच्या पोटात आज पडद्यांचं काम चालू आहे. नळी, तिची वळणं, पहिले ठोके हे सगळं होऊन गेलं. त्यातला बराचसा भाग तर तुम्ही चाचणी केलीत त्या सुमारालाच उरकला होता.

आता हार्मोन्स. आपण हार्मोन म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर एखादी ग्रंथी असते. ती रक्तात काहीतरी सोडते आणि ते दूरच्या अवयवाला जाऊन पोहोचतं. पाच आठवड्यांच्या गर्भात यातलं काहीच धड नसतं. त्याची थायरॉइड ग्रंथी आयोडीन साठवायला लागते दहाव्या ते बाराव्या आठवड्यात, आणि पुरेसं हार्मोन बनवते अठराव्या-विसाव्या आठवड्यापासून. हे आणि इथून पुढचे आठवडे मी तुमच्या सोनोग्राफीवर असतात तेच, म्हणजे पाळीपासूनचे धरते. हृदयाचा मूळ आराखडा दहाव्या आठवड्यापर्यंत उभा राहिलेला असतो. थोडक्यात, बाळाच्या स्वतःच्या थायरॉइडचा त्या आराखड्याशी संबंध येऊच शकत नाही, ती उशिरा येते.

मग आराखडा कोण ठरवतं? शेजारच्या पेशी. एक पेशी चार पेशी पलीकडच्या पेशीला रासायनिक निरोप देते आणि त्या निरोपावर कुठला जनुक चालू व्हायचा, कुठला बंद, ते ठरतं. हृदयासाठी टीबीएक्स-फाइव्ह आणि एनकेएक्स-टू-फाइव्ह नावाचे दोन जनुक फार महत्त्वाचे आहेत. त्यातल्या बिघाडामुळे माणसांत जन्मजात हृदयदोष येतात हे १९९७ आणि १९९८ मध्ये समोर आलं. हृदयाची नळी उजवीकडे का वळते, याचं मूळ तर गर्भाच्या एका छोट्याशा खळगीतल्या केसासारख्या तंतूंच्या फिरण्यात आहे. त्या तंतूंना तुमचा टीएसएच कळत नाही. तुमच्या नात्यातल्या बाईंनी जे सांगितलं त्यात नेमका हाच भाग गळला आहे. जन्मजात हृदयदोष साधारण शंभरात एका बाळात आढळतो, आणि त्यातल्या बहुतेक बाळांच्या बाबतीत आईवडिलांच्या हातून काही झालेलं नसतं. कुठे गुणसूत्रं जबाबदार असतात, उदाहरणार्थ डाउन सिंड्रोमच्या जवळपास निम्म्या बाळांना हृदयदोष असतो. कुठे एखादा जनुक. आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही.

तरीही इतक्या लवकरच्या काळात हार्मोनसारखं काम करणारे काही रेणू असतातच, आणि त्यातला एक तुमच्या उपयोगाचा आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. तो म्हणजे रेटिनोइक आम्ल. आपण खातो त्या अ जीवनसत्त्वापासून गर्भाच्या पेशी ते बनवतात, आणि पेशीच्या आत ते अगदी थायरॉइड हार्मोनच्या पद्धतीने काम करतं. केंद्रकात जाऊन, ग्राहकाला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटून, जनुकांची कळ दाबतं. ते किती आहे यावरून हृदयाच्या नळीचा कुठला भाग अलिंद, म्हणजे वरचा कप्पा, होणार आणि पेशींचा पट्टा कुठवर हृदय म्हणून गणला जाणार हे ठरायला मदत होते. १९४९ मध्ये विल्सन आणि वॉर्कनी या संशोधकांनी अ जीवनसत्त्व कमी दिलेल्या उंदरिणींच्या पिल्लांमध्ये हृदयाचे आणि महाधमनीच्या कमानीचे दोष दाखवले. पुढे १९५३ मध्ये त्यांनी रॉथ यांच्यासह आणखी मजेशीर गोष्ट केली. अ जीवनसत्त्व कमी दिलेल्या तशाच उंदरिणींना गरोदरपणाच्या वेगवेगळ्या दिवशी ते परत देऊन पाहिलं. लवकर दिलं तर पिल्लं वाचत होती, उशिरा दिलं तर ज्या अवयवाची वेळ टळून गेली तो बिघडलेला राहत होता. रासायनिक निरोप योग्य असून भागत नाही, तो वेळेत पोहोचावा लागतो, हे त्या प्रयोगांत उघड दिसतं.

जास्त झालं तरी पंचाईत. आयसोट्रेटिनोइन हे मुरुमांवरचं औषध म्हणजे रेटिनोइक आम्लाचंच एक रूप. ते १९८२ मध्ये अमेरिकेत बाजारात आलं आणि १९८५ पर्यंत चेहरा, मेंदू आणि हृदयातून निघणाऱ्या मोठ्या वाहिन्या यांच्यात दोष असलेली बाळं नोंदली गेली. म्हणून तुम्हाला विचारते : मुरुमांसाठी अशी काही गोळी चालू होती का? पत्रात उल्लेख नाही, म्हणजे बहुधा नसावी. असेल तर तेही डॉक्टरांना लगेच सांगा. अ जीवनसत्त्वाची वेगळी कॅप्सूल किंवा कॉड लिव्हर ऑइल स्वतःच्या मनाने घेऊ नका. तयार स्वरूपातलं अ जीवनसत्त्व दिवसाला १०,००० युनिटच्या वर जाता कामा नये. भाज्या-फळांतल्या बीटा कॅरोटिनला मात्र घाबरायचं कारण नाही. शरीर त्यातून लागेल तेवढंच अ जीवनसत्त्व करून घेतं.

दुसरं उदाहरण माशांचं आहे, तुमच्या काळजीशी थेट संबंध नाही, पण मला ते सांगितल्यावाचून राहवत नाही. झेब्राफिश नावाच्या बोटभर माशाच्या गर्भात एक छोटंसं प्रथिन-हार्मोन सापडलं. २०१३ आणि २०१४ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी ते जाहीर केलं, एकाने त्याला एलाबेला म्हटलं, दुसऱ्याने टॉडलर. ग्रंथी, रक्त, हृदय यातलं काहीही नसताना हे हार्मोन गर्भात स्रवत असतं, आणि ते काढून टाकलं की माशाचं हृदय इवलंसं राहतं किंवा होतच नाही. उंदरांमध्ये चित्र इतकं स्वच्छ नाही, आणि माणसाबद्दल मी काही ठाम बोलणार नाही. पण हार्मोन म्हणजे ग्रंथीच हवी, ही आपली समजूत किती अपुरी आहे ते यातून कळतं.

आता तुमच्या थायरॉइडकडे. पहिल्या तीन महिन्यांत बाळाला थायरॉइड हार्मोन मिळतं ते फक्त तुमच्याकडून. वार (बाळाला आईशी जोडणारा अवयव, प्लासेंटा) त्यातलं बरंचसं निकामी करते, अगदी थोडं पलीकडे जाऊ देते, पण ते थोडंही कामाचं असतं. सहाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाभोवतीच्या द्रवात आईचं टी-फोर, म्हणजे तुमच्या गोळीतलंच थायरॉक्सिन, सापडतं. निरोगी बाईच्या बाबतीत गरोदरपणाचं हार्मोन एचसीजी वाढलं की ते थायरॉइडला ढोसतं आणि थायरॉइड जास्त काम करते. तुमची ग्रंथी हे करू शकत नाही, म्हणून वाढीव गरज गोळीनेच भागवावी लागते. ही गरज पाचव्या आठवड्यापासूनच वाढायला लागते. तुमचा ६.८ हा आकडा बहुधा त्याचाच आहे. तुम्ही काही वावगं केलं असा त्याचा अर्थ नाही. गोळी तीच राहिली आणि मागणी वाढली.

अमेरिकन थायरॉइड असोसिएशनचं २०१७ चं मार्गदर्शन सांगतं की आधीपासून गोळी चालू असलेल्या बाईने गरोदर असल्याचं कळताक्षणी डोस २० ते ३० टक्के वाढवावा, आणि त्याची सोपी रीत म्हणजे आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या. तुम्हाला नऊ पुरतील की जास्त लागतील हे तुमचे डॉक्टर ठरवतील. उद्दिष्ट आहे टीएसएच २.५ च्या खाली. पुढची तपासणी डोस बदलल्यापासून चार आठवड्यांनी, आणि गरोदरपणाच्या मध्यापर्यंत दर चार आठवड्यांनी.

गोळी घेण्याची रीतही तपासा. सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि मग अर्धा ते एक तास काही नाही. आता तुम्हाला लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या सुरू होतील, कदाचित झाल्याही असतील. या दोन्ही थायरॉक्सिनला आतड्यात धरून ठेवतात आणि ते रक्तात पोहोचू देत नाहीत. मध्ये किमान चार तास सोडा. डोस वाढवूनही टीएसएच खाली येत नाही तेव्हा पुष्कळदा कारण इतकंच निघतं की सगळ्या गोळ्या सकाळी एका घोटात घेतल्या जात होत्या.

थायरॉइड आणि हृदय यांचा खरा घट्ट संबंध येतो तो पुढे, शेवटच्या तीन महिन्यांत. तोवर हृदयाच्या स्नायूपेशी विभागून संख्येने वाढत असतात. प्रसूतीच्या आधी बाळाच्या रक्तात टी-थ्री, म्हणजे थायरॉइड हार्मोनचं जास्त जोमदार रूप, वाढू लागतं आणि पेशींना जणू हुकूम मिळतो, आता संख्या पुरे, ताकद वाढवा. आकुंचनाची प्रथिनं बदलतात, कॅल्शियम आत-बाहेर करणारे पंप वाढतात. मेंढीच्या गर्भावर यासंबंधी बरंच काम झालं आहे. मेंढीच का, तर उंदराच्या हृदयपेशी जन्मानंतर पक्व होतात आणि मेंढीच्या पुष्कळशा जन्माआधीच, त्यामुळे माणसाशी तुलना करायला मेंढी जास्त सोयीची. पण त्या टप्प्यापर्यंत तुमच्या बाळाची स्वतःची थायरॉइड कामाला लागलेली असेल.

काही निरीक्षणात्मक अभ्यासांत आईचा थायरॉइडचा आजार आणि बाळाचे हृदयदोष यांच्यात दुबळा संबंध दिसला आहे, काहींत दिसला नाही. ते वाचून कोणी तुम्हाला कात्रण पाठवलं तर एवढं लक्षात ठेवा की त्यात उपचार न घेतलेल्या, मधुमेह असलेल्या, वेगवेगळी औषधं चालू असलेल्या बायका एकाच टोपलीत असू शकतात. थायरॉइडची एक बाजू मात्र खरोखर काळजीची आहे, ती तुमची नव्हे. थायरॉइड जास्त काम करत असलेल्या बायकांना कार्बिमॅझोल किंवा मेथिमॅझोल देतात. ही औषधं सहाव्या ते दहाव्या आठवड्यात पोटात गेली तर डोक्याची त्वचा, नाकाचा मागचा मार्ग आणि कधी हृदय यांत दोष येऊ शकतात. म्हणून त्या काळात शक्यतो औषध बदलतात किंवा थांबवतात. तुमचं थायरॉक्सिन त्या जातीचं नाही. शरीर जे बनवतं तेच त्या गोळीत आहे. भीतीपोटी ती बंद केलीत तर मात्र खरं नुकसान कराल.

हार्मोनच्या गडबडीतून हृदयदोषाची शक्यता सगळ्यांत स्पष्टपणे वाढते ती गरोदरपणाआधीपासून असलेल्या, ताब्यात नसलेल्या मधुमेहात. तिथे ती तीन ते चार पट, काही अभ्यासांत त्याहूनही जास्त आढळते. गंमत अशी की दोषी इन्सुलिन नसतंच. आईचं इन्सुलिन वार ओलांडत नाही, साखर ओलांडते. पडदे आणि मोठ्या वाहिन्या बनवणाऱ्या पेशी जास्त साखरेत नीट स्थलांतर करत नाहीत. म्हणून मधुमेही बाईला गरोदर राहण्याआधीच एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६.५ टक्क्यांच्या खाली आणायला सांगतात. तुमची साखर नॉर्मल आहे, हा विषय तुमच्यापुरता मिटला. पुढे २४व्या ते २८व्या आठवड्यात साखरेची चाचणी होईल. तेव्हा ती वाढलेली निघाली तरी हृदयाची बांधणी होऊन गेलेली असेल. त्या काळात साखर अनियंत्रित राहिली तर बाळाचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन करतं आणि ते वाढीच्या हार्मोनसारखं वागून हृदयाचा मधला पडदा जाड करतं. ही जाडी बहुतेक वेळा जन्मानंतर काही महिन्यांत आपोआप ओसरते.

पाळी येण्याच्या गोळ्यांबद्दल तुम्ही फक्त एक वाक्य लिहिलं आहे, पण तुम्हाला सगळ्यांत जास्त ती बोच असावी असं मला वाटतं. या गोळ्यांमध्ये प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं हार्मोन असतं. हा वाद जुना आहे. १९६० आणि ७० च्या दशकांत गरोदर आहे की नाही ते पाहायला अशाच हार्मोनच्या गोळ्या काही देशांत सर्रास दिल्या जात. रक्तस्राव झाला तर गरोदर नाही, नाही झाला तर आहे, असा तो हिशेब. १९७७ मध्ये एका अमेरिकन पाहणीने अशी हार्मोन्स आणि हृदयदोष यांच्यात संबंध सुचवला आणि औषधांच्या वेष्टनावर इशारे छापले गेले. पुढे त्याच नोंदी पुन्हा तपासल्या तेव्हा तो संबंध टिकला नाही, आणि १९९९ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने प्रोजेस्टेरॉन-जातीच्या औषधांवरचा तो सरसकट इशारा काढून टाकला. ब्रिटनमध्ये २०१७ च्या तज्ज्ञसमितीनेही कार्यकारणसंबंध मानण्याइतका पुरावा नाही असाच निष्कर्ष काढला. तिथल्या कुटुंबांना तो मान्य झाला नाही आणि काही संशोधकांनीही त्यावर आक्षेप घेतले, हेही सांगायला हवं. तुम्ही घेतल्या त्या पाच दिवसांच्या गोळ्या. गर्भपात करावा किंवा पुढचे आठ महिने जीव मुठीत धरून बसावं असं त्यात काही नाही. पाळी लांबली की या गोळ्या घेण्याआधी गरोदरपणाची चाचणी करायची, हे मात्र आसपासच्या मुलींना जरूर सांगा. गोळीचं नाव आणि तारखा डॉक्टरांच्या कागदावर लिहून ठेवायला सांगा. लपवू नका.

ताणाबद्दल. ताणात तुमच्या रक्तातलं कॉर्टिसॉल वाढतं हे खरं. पण वारेत एक विकर (एन्झाइम) असतं, ते कॉर्टिसॉलचं कॉर्टिसोन करून टाकतं, आणि कॉर्टिसोन निष्क्रिय असतं. आईच्या कॉर्टिसॉलचा मोठा हिस्सा असा वाटेतच निष्प्रभ होतो. रात्री रडल्याने बाळाच्या हृदयाचे पडदे अपुरे राहत नाहीत. ॲड्रेनॅलिनबद्दल विचाराल म्हणून सांगते, त्या घराण्यातलं नॉरॲड्रेनॅलिन गर्भाला लागतंच. १९९५ मध्ये ते बनवता न येणाऱ्या उंदरांचे गर्भ पोटातच दगावले, आणि लक्षणं हृदय निकामी झाल्याची होती. म्हणजे ज्या रेणूंना आपण ताणाची हार्मोन्स म्हणून बदनाम करतो त्यातलं निदान एक तरी नसलं तर गर्भ जगत नाही. झोपेचं मात्र बघायला हवं, तुमच्यासाठी. दोन आठवड्यांनंतरही झोप येत नसेल, सतत तेच विचार येत असतील, तर डॉक्टरांशी तेवढ्याच मोकळेपणाने बोला जेवढ्या मोकळेपणाने टीएसएचबद्दल बोलता. गरोदरपणातल्या चिंतेवर उपचार होतात.

मावसभावाच्या भोकाचं म्हणाल, तर तुमच्या बाळाशी त्याचं नातं इतकं दूरचं आहे की जोखीम जवळजवळ बदलत नाही. बाळाचे आईवडील किंवा सख्खं भावंड यांना जन्मजात हृदयदोष असेल तर ती थोडी वाढते, साधारण शंभरात एकाऐवजी शंभरात दोन-तीन. शिवाय मधल्या पडद्याच्या स्नायूतली छोटी भोकं पुष्कळदा पहिल्या काही वर्षांत स्वतःहून बुजतात. मावसभावाचं भोक कुठल्या प्रकारचं होतं, ऑपरेशन लागलं का, हे एकदा मावशीला विचारा आणि कागदावर टिपून ठेवा. बस्स.

हृदय नीट झालंय का हे बघायची वेळ अजून यायची आहे. अठरा ते बावीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत चारही कप्पे आणि दोन मोठ्या वाहिन्या पाहतात. तुम्हाला फीटल इको, म्हणजे पोटातल्या बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी, हवीच असं तुमच्या इतिहासात काही दिसत नाही, पण मनाला स्वस्थता येणार असेल तर डॉक्टरांशी बोलून ती त्याच सुमारास करून घ्यायला हरकत नाही. आत्ता सातव्या आठवड्यात कोणी हृदयाची तपासणी करून देतो म्हणालं तर पैसे वाचवा. ठोके दिसले, तेवढंच आत्ता दिसतं. ठोक्यांच्या आकड्याचंही मनाला लावून घेऊ नका. सहाव्या आठवड्यात ११० च्या घरात असलेले ठोके नवव्या आठवड्यात १७० पर्यंत जातात आणि मग पुन्हा उतरतात, त्यामुळे दोन सोनोग्राफ्यांचे आकडे जुळणार नाहीत. फॉलिक ॲसिड सुरू नसेल तर आजपासून, रोज किमान ४०० मायक्रोग्रॅम. आणि अंग दुखलं म्हणून आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं घेऊ नका, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर. ती प्रोस्टाग्लँडिन नावाचं हार्मोनसारखं रसायन अडवतात, आणि पोटात असताना बाळाच्या फुप्फुसाला वळसा घालून जाणारी जी रक्तवाहिनी आहे ती उघडी राहते प्रोस्टाग्लँडिनच्या जोरावर. ती जन्मानंतर बंद व्हायची असते, आधी नव्हे.

बहिणीला हे दाखवा. तिला दिलेलं स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉलच्या जातीचं बीटामेथासोन किंवा डेक्सामेथासोन, मुद्दाम तसं निवडलेलं असतं की वारेतल्या विकराला ते फारसं निकामी करता येत नाही, म्हणून ते बाळापर्यंत पोहोचतं. वेळेआधी जन्मण्याची शक्यता असलेल्या बाळाची फुप्फुसं त्याने लवकर तयार होतात. लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी न्यूझीलंडमधल्या ऑकलंडला केलेली चाचणी १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तेव्हापासून या इंजेक्शनांनी असंख्य बाळं वाचवली आहेत. हृदयाचा प्रश्न त्याच चाचणीतल्या मुलांनी सोडवला आहे. ती तीस वर्षांची झाल्यावर त्यांना शोधून तपासलं तेव्हा रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलमध्ये इंजेक्शन मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांत फरक नव्हता. साखरेच्या चाचणीत इन्सुलिनचा प्रतिसाद तेवढा किंचित वेगळा होता. मुळात बाळाचं शरीर स्वतःसुद्धा शेवटच्या आठवड्यांत कॉर्टिसॉल वाढवतं, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत त्या जातीच्या हार्मोनशिवाय हृदयपेशींचे तंतू नीट रचले जात नाहीत असं दिसलं आहे. ३१व्या आठवड्यात भाच्याच्या हृदयाचे कप्पे, पडदे, झडपा सगळं केव्हाच तयार झालं होतं. त्याला इंजेक्शनमुळे म्हणून हृदयाची वेगळी तपासणी लागत नाही. बालरोगतज्ज्ञांकडच्या नेहमीच्या भेटी आणि लसी वेळेवर झाल्या की पुरे.

तुमचं पुढचं टीएसएच अकराव्या आठवड्यात येईल. सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्या, आणि तेव्हा कोणता डोस चालू होता ते रिपोर्टच्या कोपऱ्यात पेनाने लिहून ठेवा. पुढच्या वेळी डोस ठरवताना डॉक्टरांना तेच आधी लागतं.